बिनआवाजाचं टाचण

मटार आला. नवघरच्या रस्त्यावर हातगाड्यांवर हिरवे ढीग लागले, पोरीबाळी येता-जाता एकेक शेंग उचलून खाऊ लागल्या आणि भाजीवाले तिकडे काणाडोळा करू लागले. काल मीही थांबलो. "मीठा है साहब, खाके देखो," म्हणून भाजीवाल्याने एक शेंग माझ्या हातात ठेवली. मी ती अंगठ्याने दाबली, टप्प आवाज झाला, आणि मला एकदम शाळा सुटल्यानंतरचा रिकामा वर्ग आठवला. बाकावर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर शेंगांचा ढीग, समोर तांडेल बाई. आणि मुख्य म्हणजे गप्प बसलेल्या तांडेल बाई. भाजीवाला वजन करून पिशवी पुढे धरून उभा होता, तरी मी आपला हातातल्या शेंगेकडे बघतोय.

मी मास्तर आहे. भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवतो. वर्गावर जायच्या आधी उद्या काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कोणतं साधन न्यायचं, हे आम्ही वहीत मांडतो. त्याला टाचण म्हणतात. माझा मेहुणा मला नेहमी चिडवतो, "चौथीच्या गणिताला कसली डोंबलाची तयारी?" मी त्याला म्हणतो, ये एकदा. एक छेद तीन मोठा की एक छेद चार मोठा, एवढंच विचार. निम्मा वर्ग छातीठोकपणे 'चार' म्हणेल, कारण चार हा तीनपेक्षा मोठा असतो आणि मास्तरांनीच तर तसं पहिलीत शिकवलंय. आता त्या पोरांना पटव. मोठ्या माणसाला गणित शिकवणं सोपं, त्याला न कळताही मान हलवायची सवय झालेली असते. चौथीतलं पोर मान हलवत नाही.

तर त्या वर्षी आमच्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' तुकडी तांडेल बाईंकडे, 'ब' माझ्याकडे. दोन्ही वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, एका मोठ्या हॉलचे प्लाय ठोकून दोन भाग केले होते. आणि तांडेल बाईंचा आवाज! जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या त्या. आई बाजारात मासळी विकायची, बाई लहानपणी तिच्या शेजारी बसायच्या. "आमच्यात हलू बोलनाऱ्याचं म्हावरं सांजच्यापर्यंत टोपलीतच ऱ्हातं," असं त्या हसत सांगायच्या. तो आवाज प्लायला काय जुमानणार? पलीकडे त्यांनी पाढा सुरू केला की अलीकडे माझी पोरं पेन्सिली खाली ठेवून त्यात सूर मिसळायची. मी इतिहास शिकवत असलो तरी! माझ्या वर्गाचे पाढे पाठ झाले ते निम्मे पलीकडून आले, हे मी शिक्षकांच्या बैठकीत कधी बोललो नाही, पण बाईंना ठाऊक होतं.

मी स्वतः बोलघेवडा. रत्नागिरीहून आलेल्या आमच्या घराण्यात गप्प बसणं हे आजारपणाचं लक्षण मानतात. आई माझ्याबद्दल म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई, मध्ये बिचारा प्लाय. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ऑफिसात बसल्या बसल्या दोन्ही वर्गांत काय चाललंय ते सांगू शकायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि पलीकडून पाढा आला नाही.

बाईंचा आवाज सुट्टीआधीपासून बसलेला होता, घोगरा, मधूनच तुटणारा. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणी सांगितलं म्हणून लवंग झाली. शेवटी मुलगा त्यांना बेव्हर्ली पार्कच्या एका घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. "मॅडम, बात करना बंद. पूरा बंद. फुसफुसाना भी नहीं." कुजबुजल्याने तर जास्तच ताण येतो म्हणे. नाताळपर्यंत मौन पाळायचं, मग परत तपासायचं. गाठी विरल्या तर ठीक. नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर वर्गात लागतो तसा आवाज राहील याची खात्री नाही. हे सगळं बाईंनी मला पाटीवर लिहून दाखवलं. ती काळी पाटी त्यांनी नातवाची आणली होती, कोपऱ्यात खडूने काढलेलं एक बदक अजून पुसायचं राहिलं होतं. शेवटची ओळ लिहून त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ, प्रेमानेच सांगितलं, "तांडेल बाई, तुम्ही ऑफिसात बसा. तुमची मुलं घाग सरांच्या वर्गात बसवू. ते दोन वर्गांपुरतं बोलतातच." मला हसू आलं, पण बाईंकडे पाहून ते गिळलं. त्यांनी पाटी घेतली आणि पेन्सिल मोडेल इतक्या जोरात लिहिलं, 'वर्ग सोडणार न्हाय.' एरवी पाटीवर पुस्तकी मराठी लिहिणाऱ्या बाईंच्या हातून घरचं 'न्हाय' आलं, तेव्हाच आम्ही दोघंही समजलो. मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. नाताळपर्यंत बघू, म्हणाल्या. तोवर वर्ग चालला तर बाईंचा, नाही चालला तर मग एकत्र.

त्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही टाचणाला बसू लागलो. बाईंची रीत अशी की रिकाम्या हाताने विचार करायचा नाही. घरी जाऊन स्वयंपाक करायचाच असतो, तर भाजी इथेच निवडून न्यायची. मेथी असायची, वालाच्या शेंगा असायच्या, आणि मग मटार आला. आमच्या टाचणाच्या वहीत दोन रकाने असतात, एक शिक्षकाने काय करायचं याचा आणि एक विद्यार्थ्यांनी काय करायचं याचा. माझा शिक्षकाचा रकाना नेहमी भरून वाहायचा. सर सांगतील, सर समजावतील, सर प्रश्न विचारतील, सर गोष्ट सांगतील. विद्यार्थ्यांच्या रकान्यात एकच शब्द, 'ऐकतील'. बाईंनी माझी वही ओढून घेतली, ते वाचलं आणि खांदे हलवत हसल्या. हसण्याचा आवाजही त्यांनी बंद केला होता. मग स्वतःच्या वहीत शिक्षकाच्या रकान्यावर एक उभी रेघ मारली आणि पाटीवर लिहिलं, 'हा रिकामा. आता सांगा.'

सांगा म्हणजे काय सांगू? तोंड न उघडता भागाकार कसा शिकवायचा? मी बोलत होतो, त्या शेंगा सोलत होत्या. मी सुचवायचं, त्या मान हलवायच्या, नाही. मी आणखी सुचवायचं, त्या आणखी नाही. असं बराच वेळ चाललं आणि मग त्यांनी एक शेंग उघडून माझ्यापुढे धरली. दाणे मोजा, अशी खूण केली. दुसरी उघडली. त्यात कमी. तिसरीत एक दाणा अगदी बारका, मोजायचा की नाही? मी म्हटलं, "हा अर्धा धरू." बाईंचे डोळे चमकले. आमचा भागाकाराचा आणि अपूर्णांकाचा पाठ असा एका शेंगेतून निघाला.

दुसऱ्या दिवशी तो पाठ मी दाराशी उभा राहून पाहिला. बाईंनी प्रत्येक गटापुढे मटाराचा ढीग ठेवला, फळ्यावर गटातल्या मुलांची चित्रं काढली आणि भुवया उंचावल्या. बास. पोरं वाटायला लागली. भांडली, परत मोजलं, परत भांडली. शेवटी काही दाणे उरले, ते कुणालाच सारखे वाटता येईनात. बाई प्रत्येक गटाकडे जाऊन उरलेल्या दाण्यांवर बोट ठेवायच्या. एका गटापाशी बोट ठेवायला काही नव्हतंच. बाईंनी प्रश्नार्थक हात केला. तिथे रिद्धी नावाची मुलगी होती, वर्गाची मॉनिटर, आवाजाने आणि अधिकाराने बाईंचीच छोटी आवृत्ती. ती म्हणाली, "बाकी उरलेली बाई, पण खाल्ली." बाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

त्या हिवाळ्यातले असे कितीतरी तास माझ्या डोळ्यांपुढे आहेत. जमिनीच्या फरश्यांवर खडूने आखलेले आयत आणि त्यात गुडघे टेकून क्षेत्रफळ मोजणारी पोरं. फळ्यावर बाईंनी मुद्दाम लिहिलेली दोन उत्तरं, एक बरोबर, एक चूक, आणि खडू वर्गाकडे धरून उभ्या राहिलेल्या बाई. कुणी उठायचं, एक उत्तर खोडायचं, दुसरं कुणी उठून ते परत लिहायचं. शब्दच नसल्यामुळे 'मूर्ख', 'लक्ष कुठाय', 'कालच सांगितलं ना' हे शब्दही वर्गातून गेले होते. सावलीचा पाठ तर आम्ही मोठ्या हौसेने मांडला होता. पटांगणात काठी रोवायची आणि दर तासाला सावलीच्या टोकाला खूण करायची. काठी रोवली, खुणा झाल्या, आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास शेजारच्या नव्या टॉवरची सावली आली आणि आमच्या काठीची सावली अख्खी गिळून बसली. दोन मास्तरांनी इतकं डोकं लावलं, पण टॉवर काही टाचणात घेतला नव्हता. पोरांनी मात्र न सांगता त्या टॉवरच्याच कडेला खडू लावला आणि सुट्टीभर ती कडा पुढे सरकताना बघत बसली.

बाईंनी आणि मी एक खूण ठरवली होती. अगदीच अडलं, बोलल्याशिवाय भागेना, तर त्यांनी प्लायवर दोनदा ठोकायचं. मग मी जायचं आणि त्यांच्या पाटीवर असेल ते मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला दिवसातून बरेचदा ठोका यायचा. हळूहळू कमी झाला. मी आपला शिकवता शिकवता कान तिकडे लावून असायचो, आणि ठोका आला नाही की मला अभिमानही वाटायचा आणि जरासं रिकामंही वाटायचं.

आता तो प्लाय नाही. दुरुस्ती झाली, मध्ये पक्की विटांची भिंत आली, तिच्यावर रंगीत फळं आणि प्राणी काढलेत. पलीकडे एक तरुण बाई आल्यात, हुशार आहेत. त्यांच्या फोनवर तयार पाठांचे ढीग येतात, त्यातले चांगले त्या मलाही पाठवतात आणि मी ते वापरतोही. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त कधी कधी माझ्या वर्गात सात सक्कं विचारलं की पोरं छताकडे बघतात, आणि मला वाटतं, यांना पलीकडून कुणी सूर दिलेला नाही.

त्या वर्षी नाताळ जवळ आला तसा आवाजाचा पाठ आला. आवाज म्हणजे थरथर, हे मुलांना दाखवायचं. डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बसवायचा, त्यावर तांदूळ टाकायचे, शेजारी ताट वाजवायचं, तांदूळ नाचतात. मग बाकाला कान लावायचा, दुसऱ्या टोकाला कुणीतरी टिचकी मारायची, लाकडातून ती कशी ठणठणीत ऐकू येते ते बघायचं. आणि शेवटी आपला हात आपल्याच गळ्यावर ठेवून 'आऽ' म्हणायचं. मटार सोलत सोलत आम्ही हे सगळं मांडलं. साधनं ठरली, गट ठरले. विद्यार्थ्यांच्या रकान्यात मीच माझ्या हाताने लिहिलं, 'गळ्यावर हात ठेवून थरथर अनुभवतील.' आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही.

तांदूळ नाचले. बाकांवर टिचक्या वाजल्या. मग सगळ्या वर्गाने गळ्यांवर हात ठेवले आणि असा काही 'आऽ' केला की मोठ्या बाई ऑफिसातून धावत आल्या. मीही माझा वर्ग सोडून दाराशी गेलो होतो. पोरं आता एकमेकांच्या गळ्यांना हात लावून बघत होती. हिचा हलतो, त्याचा जास्त हलतो. आणि रिद्धी सरळ बाईंसमोर गेली, टाचा उंचावल्या आणि आपला तळहात बाईंच्या गळ्यावर ठेवला.

रिद्धीने डोळे मिटले होते, नीट लक्ष देऊन बघत होती. मग म्हणाली, "बाईंचं हलत न्हाय."

ती काही वाईट हेतूने बोलली नव्हती, जे दिसलं ते तिने नोंदवलं. शास्त्रज्ञाने तेच करायचं असतं, आणि बाईंनीच तिला ते शिकवलं होतं. पण बाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांचे ओठ उघडले. इतक्या आठवड्यांचं मौन, ते सगळं एका मुलीसाठी मोडायला निघाल्या होत्या त्या, फक्त एक 'आऽ' म्हणायला. मी दारातून "बाई!" म्हणून ओरडलो. त्याच्या आधीच रिद्धीचा दुसरा हात वर गेला आणि बाईंच्या तोंडावर बसला. "नको बाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. नंतर बघू."

त्या संध्याकाळी आम्ही टाचण केलं नाही. शेंगा तशाच पिशवीत राहिल्या. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'नंतर नसेल तर?' मी शेंगांची पिशवी त्यांच्याकडे सरकवली. बाईंनी हाताने ते वाक्य पुसलं, पदराने हात पुसला आणि घरी गेल्या.

डॉक्टरांकडे त्या नाताळच्या सुट्टीत जाऊन आल्या, पण मला काही कळवलं नाही. मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. बोलू न शकणाऱ्या माणसाला फोन करून काय विचारणार? शाळा भरायच्या दिवशी सकाळी परिपाठालाही त्या नेहमीसारख्याच गप्प उभ्या होत्या. मीही विचारलं नाही. विचारायला धीरच झाला नाही म्हणा ना. आपापल्या वर्गांत गेलो. मी कोनांचे प्रकार काढले होते. टाचणाच्या माझ्या रकान्यात सर काय काय सांगणार याच्या ओळीच्या ओळी होत्या.

मी फळ्यावर कोन काढत होतो आणि पलीकडून रिद्धीची किंकाळी आली. "हलतंय! बाईंचं हलतंय!"

मग तिथे एकच गलका झाला आणि तो लगेच थांबला. मी माझ्या वर्गाला गप्प केलं. कान देऊन ऐकलं, काही ऐकू येईना. पूर्वी जो आवाज रस्त्यापर्यंत जायचा तो आता प्लायही ओलांडत नव्हता. डॉक्टरांनी गाठी विरल्याचं सांगितलं होतं, पण बोलायचं ते हळूच, खालच्या सुरात, ओरडणं आता कायमचं बंद, असंही सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की पलीकडे बाई बोलतायत आणि मला ऐकू येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला रस्ता दाखवला. ती उठली, प्लायपाशी गेली आणि आवाजाच्या पाठात बाकाला लावायला मीही शिकवला होता तसा कान तिने प्लायला लावला. तिच्यामागून सगळी गेली. मग मीही गेलो, खडूसकट.

लाकडातून आवाज आला. जाड, घोगरा, धापा टाकणारा. सात एके सात. सात दुणे चौदा. पलीकडचा वर्ग बाईंच्या मागून हळूच म्हणत होता, जसं कुणी झोपलेलं बाळ उठू नये म्हणून बोलतं तसं. आणि अलीकडे माझी पोरं प्लायला गाल लावून, ओठ हलवत, तेच म्हणत होती. सात दाहे सत्तर झालं.

मग माझ्या कानाशी प्लायवर दोनदा ठोका पडला.

मी सवयीने धावलो. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या, हातात पाटी नव्हती. रिद्धीचा हात अजून त्यांच्या गळ्यावर होता. मी काय वाचायचंय म्हणून इकडेतिकडे बघू लागलो, तेव्हा बाई हसल्या आणि त्या नव्या, खरखरीत आवाजात म्हणाल्या, "बोलावलं न्हाय सर तुम्हाला. नुसतं ठोकलं."

मी परत वर्गात आलो. पोरं प्लायला कान लावूनच उभी होती. टाचणाची वही टेबलावर उघडी होती आणि माझा रकाना नेहमीसारखा भरून वाहत होता, पण त्या तासाला मी त्यातलं काहीही बोललो नाही.